दिसली तरच शर्यत: मोटार रेसिंग, टीव्ही आणि आपण

आजचा भाग मोटारींच्या शर्यतींचा आहे, पण कुठलं इंजिन भारी आणि कोण किती वेळा जिंकलं, यात आज फार शिरणार नाहीये. आज बोलायचंय ते या शर्यती बघणाऱ्यांबद्दल. हे बघणारे कुठून आले, कसे वाढले आणि मग कमी का व्हायला लागले? नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्यात.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. आपल्याकडे यात्रेत कुस्त्यांची दंगल होते. आखाड्याभोवती बसलेल्या प्रत्येकाला अख्खी कुस्ती दिसते. बैलगाड्यांची शर्यत घ्या. गाडा सुटतो, काही सेकंदांत निकाल लागतो, आणि जागा बरी मिळाली तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं डोळ्यांपुढे घडतं. मोटारींच्या शर्यतीचं तसं नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. फॉर्म्युला वनची गाडी ती साधारण दीड मिनिटात मारते. तुम्ही महागातलं तिकीट काढून बसलात, तरी गाडी तुमच्यासमोर असते फक्त काही सेकंद. बाकीचा वेळ ती कुठे आहे, कुणाच्या मागे आहे, हे तुम्हाला मोठ्या पडद्यावर बघावं लागतं. रॅलीत तर गाड्या एकामागोमाग एक, ठरावीक अंतराने सोडतात. दोन गाड्या शेजारी-शेजारी दिसायच्याच नाहीत.

म्हणजे हा खेळ दुसऱ्या कुणीतरी दाखवल्याशिवाय किंवा सांगितल्याशिवाय पूर्ण बघताच येत नाही. आजच्या भागातली हीच मुख्य गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

आता मागे जाऊ. २२ जुलै १८९४. पॅरिस ते रुआँ, साधारण १२६ किलोमीटर. मोटारींची पहिली स्पर्धा म्हणून हिचंच नाव घेतात. ती भरवली कुणी? मोटारी बनवणाऱ्यांनी नव्हे, 'ल पेती जुर्नाल' नावाच्या वर्तमानपत्राने! पुढे १९०० मध्ये गॉर्डन बेनेट चषक सुरू झाला. हे बेनेट म्हणजे 'न्यूयॉर्क हेरल्ड'चे मालक. शर्यत भरवायची, तिच्या बातम्या छापायच्या आणि अंक खपवायचा, असा तो सरळ हिशेब होता. मोटार रेसिंग हे छापखान्याच्या अंगणात वाढलेलं पोर आहे म्हणा ना.

या परंपरेतली एक मोठी शर्यत आपल्या अगदी जवळून गेली. १९६८ ची लंडन ते सिडनी मॅरेथॉन. पैसा लंडनच्या 'डेली एक्सप्रेस'चा आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ'चा. परत वर्तमानपत्रंच बघा. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्ली, आणि दिल्लीहून मुंबई. मुंबईत पोहोचल्या ७२. तिथून बोटीने ऑस्ट्रेलिया आणि पुढे पुन्हा रस्त्याने सिडनी. जिंकला स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर गाडी घेऊन.

दिल्लीकडून मुंबईला येणारा जुना हमरस्ता म्हणजे आपला आग्रा रोड. धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. सटाण्याहून मालेगाव पस्तीसेक किलोमीटर. जगातली त्या वेळची सगळ्यात गाजलेली मोटार शर्यत महाराष्ट्रात आली, आणि रस्त्याकडेला उभ्या माणसाला दिसलं असेल ते एवढंच: एक धुळीने माखलेली गाडी आली आणि गेली. पुढे कोण, मागे कोण, किती वेळाने, हे कळायला पेपर. देशात तेव्हा टीव्ही होता फक्त दिल्लीत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला.

आता टीव्हीकडे येऊ. इथे एक नाव घ्यावंच लागतं, बर्नी एक्लस्टन. ब्रॅभम संघाचा मालक. १९७० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये कुठला संघ कुठल्या शर्यतीला येईल याची खात्री नसायची. असा बेभरवशाचा माल टीव्हीवाला विकत का घेईल? १९८१ च्या कॉन्कॉर्ड कराराने हे बदललं. संघांनी प्रत्येक शर्यतीला यायचं आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे. हक्क विकण्याचं काम एक्लस्टनच्या हातात. पुढे २००१ मध्ये जागतिक मोटार महासंघाने फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क त्याच्या कंपनीला तब्बल १०० वर्षांसाठी देऊन टाकले. शंभर वर्षं! जमिनीचा सातबारा नावावर व्हावा, तसंच.

सुरुवातीला त्याचं धोरण होतं, शर्यत जास्तीत जास्त घरांत पोहोचवा. शर्यत फुकट दिसेल, बघणारे वाढतील, आणि गाड्यांवर नाव रंगवायला सिगारेट कंपन्या रांग लावतील. तसंच झालं. बघणाऱ्याच्या खिशाला हात न लावता खेळ श्रीमंत झाला.

आपल्यापर्यंत हे आलं ते नव्वदच्या दशकात, केबलबरोबर. स्टार स्पोर्ट्सवर फॉर्म्युला वन लागायची. युरोपातली शर्यत म्हटली की आपल्याकडे रविवारची संध्याकाळ, साडेपाच. ही वेळ फार सोयीची होती. क्रिकेट संपलेलं असायचं, रात्रीचा सिनेमा लागायचा होता. मी स्वतः ठरवून कधी ही शर्यत लावली नव्हती. चॅनल बदलताना लाल गाडी दिसली आणि हात थांबला, एवढंच. कॉमेंटरी इंग्रजी, अर्धी डोक्यावरून जायची. स्टीव्ह स्लेटरचा आवाज मात्र अजून कानात आहे. पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की लाईट जायची, आणि कोण जिंकलं ते सोमवारच्या पेपरात क्रीडा पानाच्या तळाला दोन ओळीत सापडायचं. तरी पुढच्या रविवारी आम्ही टीव्हीसमोर हजर.

मग २००५ आलं. नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, जॉर्डन संघाकडून. १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसची शर्यत होती. मिशेलिन टायर त्या ट्रॅकवर सुरक्षित नसल्याचं निघालं आणि १४ गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर सरळ पिटमध्ये वळल्या. शर्यत झाली ६ गाड्यांची. नारायण चौथा आला. भारतीयाला पहिल्यांदा गुण मिळाले ते असे, प्रेक्षक शिट्ट्या आणि शिव्या घालत असताना. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. पण निदान टीव्ही लावला तर ती शर्यत दिसत होती.

३० ऑक्टोबर २०११ ला फॉर्म्युला वन प्रत्यक्ष भारतात आली. पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी सुमारे ९५ हजार लोक होते असं तेव्हा छापून आलं. दुसऱ्या वर्षी आकडा बराच खाली आला. २७ ऑक्टोबर २०१३ ला तिसरी शर्यत झाली आणि तीच शेवटची. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. बंद का पडलं? उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ न मानता करमणूक मानली आणि करमणूक कराचा वाद झाला, हे बहुतेकांना माहीत आहे. पण खरी गंमत सर्वोच्च न्यायालयाच्या २४ एप्रिल २०१७ च्या निकालात आहे. प्रश्न होता फॉर्म्युला वनच्या परदेशी कंपनीने भारतात प्राप्तिकर भरायचा की नाही. न्यायालय म्हणालं, भरायचा. त्या निकालात करारांची सगळी मांडणी उलगडून दाखवली आहे. शर्यत भरवायचा हक्क मिळावा म्हणून जेपी समूहाच्या कंपनीने कबूल केले ४ कोटी डॉलर. आणि प्रसारणाचे, मुख्य प्रायोजकाचे हक्क? ते फॉर्म्युला वनच्याच कंपन्यांकडे.

म्हणजे बघा, सर्किट बांधायचं तुम्ही, पैसे मोजायचे तुम्ही, आणि तुमच्या हातात उरायची मुख्यतः तिकिटं. पण मघाशी आपण म्हटलं तसं, हा खेळ राहतो टीव्हीत. जिथे पैसा आहे तीच बाजू यजमानाकडे नाही. हे गणित सरकारी मदतीशिवाय फार ठिकाणी जमत नाही.

आता येऊ मूळ प्रश्नावर. बघणारे कमी का झाले?

फॉर्म्युला वनच्याच आकड्यांनुसार, वर्षभरात कधी ना कधी शर्यत टीव्हीवर बघणारे लोक २००८ मध्ये जगभरात सुमारे ६० कोटी होते. २०१४ मध्ये ते ४२.५ कोटींवर आले. पुढे मोजायची पद्धतच बदलली, त्यामुळे नंतरचे आकडे यांच्याशेजारी ठेवता येत नाहीत. दरम्यान काय घडलं? शर्यत फुकटच्या चॅनलवरून पैसे भरून बघायच्या चॅनलवर गेली. फ्रान्समध्ये २०१३ ला. ब्रिटनमध्ये २०१२ ला अर्धी आणि २०१९ ला जवळजवळ सगळी. जर्मनीत १९९१ पासून आरटीएलवर फुकट दिसणारी शर्यत २०२० नंतर स्कायकडे गेली.

हे त्यांनी अडाणीपणाने केलं असं समजू नका. सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या होत्या, आणि पैसे भरून बघणारा एक माणूस कंपनीला फुकट बघणाऱ्या अनेकांपेक्षा जास्त देतो. वहीत हिशेब बरोबर बसतो. प्रेक्षक घटले तरी उत्पन्न वाढू शकतं ते असं. खरं तर एक्लस्टनने हे १९९६ मध्येच करून बघितलं होतं. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची महागडी डिजिटल वाहिनी काढली आणि २००२ नंतर गुंडाळली. कारण तीच शर्यत शेजारच्या चॅनलवर फुकट होती. धडा दोन प्रकारे घेता आला असता. त्यांनी घेतला तो असा, की फुकटचा चॅनलच बंद करा.

२०१७ मध्ये लिबर्टी मीडियाने फॉर्म्युला वन विकत घेतली. त्यांना अडचण कळली होती. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' आली आणि नवीन, तरुण प्रेक्षक आला, हे मान्य करायला हवं. पण तीही मालिका पैसे भरूनच बघायची. २०१८ मध्ये युरोपातल्या शर्यती तासभर पुढे ढकलल्या. आपली साडेपाचची शर्यत पावणेसातच्या सुमाराला गेली.

आणि २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा भारतात फॉर्म्युला वन टीव्हीवरून गेलीच. बघायची तर कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर, पैसे भरून. २०२४ पासून फॅनकोडवर आली, तेही ॲपच. गंमत म्हणजे त्याच २०२३ मध्ये हैदराबादला फॉर्म्युला ई झाली आणि सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी. दोन्ही एकेकदाच. हैदराबादची पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली, मोटोजीपीही परत आली नाही.

कुणी म्हणेल, दादा, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, ॲप घ्यायला काय होतं? मुद्दा पैशाचा आहेच, पण तेवढाच नाही. ॲप उघडतो तो ज्याला आधीच माहीत आहे तो. चॅनल बदलताना हात थांबतो तो मुलगा ॲपवर येणारच नाही, कारण अशी काही गोष्ट आहे हेच त्याला ठाऊक नाही. माझ्या पिढीतले सटाण्यातले जे चार-पाच जण अजून फॉर्म्युला वन बघतात, ते सगळे केबलवर योगायोगाने लागलेले आहेत. या वर्षी बारा वर्षांचा असलेला पोरगा कुठून लागणार?

आणि पोरगा लागला नाही तर काय बिघडलं? मुंबईच्या जेहान दारुवालाने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या अगदी खालच्या पायरीवर. आपल्यातल्या कितींना नाव माहीत आहे? नाशिकच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या, कोल्हापुरात पोरं गो-कार्टिंग करतात. बघणारा नसला तर प्रायोजक नाही, प्रायोजक नसला तर ज्याच्या घरात पैसा आहे तोच गाडी चालवणार. प्रेक्षक घटण्याची किंमत शेवटी इथे येऊन मोजली जाते.

याच्याउलट बैलगाडा शर्यतीकडे बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. आज गावोगावच्या शर्यती यूट्यूबवर थेट दिसतात. फुकट, मराठीत, बैलांची नावं घेत घेत. त्या शर्यतीचं बरं-वाईट हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र भाग करू. पण दाखवायचं कसं, हे त्या निवेदकाला बरोबर कळलंय.

आपल्या भाषेत खेळ ऐकवला की काय होतं, हे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट सांगून केव्हाच दाखवलं. इतक्या वर्षांत मी फॉर्म्युला वन मराठीतून एकदाही ऐकलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, हंगामातल्या दोन-तीन शर्यती तरी उघड्यावर दाखवा, आणि आपल्या भाषेत सांगा. बाकीच्या ठेवा ॲपवर. आधी चव तर लागू द्या.

तुमच्याकडे केबलच्या काळातल्या शर्यतीच्या आठवणी असतील, किंवा घरातल्या कुणी १९६८ मध्ये आग्रा रोडला त्या गाड्या बघितल्या असतील, तर जरूर कळवा. तशी आठवण मिळाली तर पुढच्या भागात वाचून दाखवेन. येतो मग. रामराम.