लेण्यातील हिशेब आणि भावी गणितशिक्षक

अध्यापक विद्यालयांत गणित कसे शिकवावे हे सांगितले जाते. परंतु ते गणित माणसाला का सुचले, याचा इतिहास बहुधा वगळला जातो. परिणामी शिक्षक सूत्र घेऊन वर्गात जातो आणि मुलेही सूत्रच पाठ करतात. पेण तालुक्यातील रामवाडीसारख्या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या भावी शिक्षकाने हा इतिहास का शिकावा, हे आम्ही एका शिलालेखाच्या आधारे मांडू इच्छितो.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या विहारात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो वर्ष 42 चा असून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील आहे. भिक्षुसंघासाठी उषवदाताने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज उपभोगावयाचे होते. वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, असे लेखात नमूद आहे.

आता हिशेब करून पाहावा. 2000 वर दरमहा 20, म्हणजे वर्षाला 240 कार्षापण. वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 दिल्यास बरोबर 240 होतात. 1000 वर दरमहा साडेसात, म्हणजे वर्षाला 90. सरळव्याजाचा संपूर्ण पाठ या दगडात आहे. गरज आधी ठरली, मुद्दल आणि दर तिच्याशी जुळविले गेले. याच लेखात 35 कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने 70,000 कार्षापणांचे 2000 सुवर्ण होतात, असेही दिले आहे. हा भागाकाराचा पाठ होय.

या अंकपद्धतीत शून्य नव्हते. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. विद्यार्थ्याने हे अंक मांडून बेरीज करून पाहिली, तर शून्याने व स्थानमूल्याने कोणते श्रम वाचविले हे त्यास आपोआप उमगेल.

आमच्या दृष्टीने यातील सामाजिक अर्थ अधिक मोलाचा आहे. भिक्षुसंघाचा ठेवा सांभाळून व्याज देणारे लोक विणकर होते. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यांच्या दात्यांतही माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य आढळतात. अक्षरांपासून व अंकांपासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेल्या घरातील मुलाला गणित हे परक्यांचे शास्त्र वाटते. हिशेब श्रमिकांच्या हातीही होता, हे त्यास पुराव्यानिशी सांगता येते. बाबासाहेबांनी 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात चलनाचा प्रश्न त्याच्या इतिहासातूनच उलगडला होता.

मात्र येथे सावधगिरी हवी. त्याच उषवदाताने देव व ब्राह्मण यांनाही दाने दिली. तेवढे लपवून इतिहास शिकवणे योग्य नव्हे. सर्व शोध आमचेच, असा अभिमानही शिकवू नये. पुरावा पाहावा, मोजावे आणि मगच मान्य करावे, ही बुद्धाने दाखविलेली परीक्षेची वाट होय. भावी शिक्षकाने या वाटेने एकदा जरी लेणी वाचली, तरी त्याच्या वर्गातील शेकडेवारी केवळ पाठांतर राहणार नाही.