परत न आलेली माशी

मराठी कवितेतला भुंगा फुलाकडे येतो तो रसिक म्हणून, लंपट म्हणून किंवा विरही म्हणून. संस्कृत काव्याकडून वारशाने आलेला हा संकेत आपण इतका पचवला आहे, की भुंगा फुलाकडून काय नेतो एवढेच आपल्याला दिसते. तो फुलाला काय देऊन जातो, हा प्रश्न बहुधा काव्यविचाराच्या कक्षेबाहेरच राहिला. वनस्पतिशास्त्रालाही हा प्रश्न फार उशिरा पडला. त्याचे उत्तर मिळाल्यानंतरच्या दोनशे वर्षांत त्या ज्ञानाचे काय झाले, हे एका माशीच्या चरित्रावरून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या कथेचा आरंभ एका शाळेत होतो. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथे क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे मुख्याध्यापक होते. 1787 च्या उन्हाळ्यात एका रानजिरेनियमच्या पाकळीच्या तळाशी त्यांना बारीक केस दिसले. हे केस कशासाठी असतील? पाकळीच्या बुडाशी असलेल्या मधुरसात पावसाचे पाणी शिरू नये म्हणून, असा तर्क त्यांनी केला. मग तो रस तरी कोणासाठी राखलेला? या एका प्रश्नामागे लागून त्यांनी साडेचारशेहून अधिक जातींची फुले न्याहाळली आणि 1793 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलाचा रंग, गंध, पाकळ्यांवरच्या रेषा हे सारे कीटकाला बोलावण्यासाठी व वाट दाखवण्यासाठी आहे आणि कीटक रसाच्या मोबदल्यात परागकण वाहून नेतो, हे त्यांचे प्रतिपादन. समकालीनांनी ते फारसे मनावर घेतले नाही. निसर्गाला माणसासारखी बुद्धी चिकटवणारे हे विवेचन महाकवी गटे यांनाही रुचले नाही. 1794 मध्ये श्प्रेंगेल यांचे पद गेले आणि 1816 मध्ये ते जवळजवळ अज्ञातवासातच वारले.

त्यांचा ग्रंथ धुळीतून वर काढला तो चार्ल्स डार्विन यांनी. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून 1841 मध्ये डार्विन यांनी तो वाचला आणि ते भारावून गेले. 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये तांबड्या क्लोव्हरचा जो प्रसिद्ध दाखला येतो, त्यामागे श्प्रेंगेल यांचीच दृष्टी आहे. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडच्या बरसीम घासाच्या जातकुळीतले चाऱ्याचे पीक. त्याच्या फुलाची नळी खोल असते. साध्या मधमाशीची जीभ तेथवर सहसा पोचत नाही. ती पोचते लांब जिभेच्या बंबलबीची. ही गुबगुबीत, केसाळ माशी थंड प्रदेशातली. भारतात ती हिमालयात भेटते, दख्खनमध्ये नाही. आपला काळा भुंगा लाकूड पोखरून घर करतो. ही पुष्कळदा उंदरांनी सोडलेल्या बिळात वसाहत वसवते. उंदीर या वसाहती उद्ध्वस्त करतात आणि मांजरे उंदरांना आवर घालतात. म्हणून गावात मांजरे किती, यावर शिवारात क्लोव्हर किती हे ठरू शकते, अशी साखळी डार्विन यांनी मांडली. तिच्यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. फूल हे एकट्याचे अस्तित्व नाही, ते नात्यांच्या जाळ्यातली एक गाठ आहे.

या ज्ञानाचा उपयोग लवकरच झाला, पण तो साम्राज्याला. न्यूझीलंडमध्ये गेलेल्या इंग्रज वसाहतकारांनी गुरांसाठी तांबडे क्लोव्हर पेरले. ते वाढे, फुले. बी मात्र पुरेसे धरत नसे, कारण त्या बेटांवर बंबलबी नव्हती. दरवर्षी बियाणे बाहेरून आणावे लागे. अखेर शीतगृहे असलेल्या आगबोटींतून, सुप्तावस्थेतल्या राणीमाश्या इंग्लंडहून रवाना झाल्या आणि 1885 मध्ये त्या तेथे सोडण्यात आल्या. पुढे एकूण चार जाती त्या भूमीत रुजल्या. ‘बॉम्बस सबटेरेनियस’ ही त्यांतली एक. ‘सबटेरेनियस’ म्हणजे भूमिगत. आमच्या कथेची नायिका हीच.

तिच्या माहेरी मात्र काळ बदलत होता. एकेकाळी क्लोव्हर हे इंग्लंडमधल्या शेतीचे खतच होते. जमिनीत नत्र भरण्यासाठी ते फेरपालटीत पेरले जाई आणि त्याच्या जोडीने माश्यांचे पोट भरे. कारखान्यात तयार झालेले नत्र स्वस्त झाल्यावर क्लोव्हरची गरज सरली. युद्धकाळात अन्नटंचाईच्या भीतीने फुलांची कुरणे नांगरली गेली आणि युद्धानंतरच्या अनुदानांनी ती रीतच पडली. वाळल्या गवताऐवजी मुरघास आला, तेव्हा फुले उमलण्याआधीच गवत कापले जाऊ लागले. 1930 च्या दशकापासून 1984 पर्यंत इंग्लंड व वेल्समधली फुलांनी समृद्ध अशी सुमारे 97 टक्के कुरणे नाहीशी झाली. यांतला एकही निर्णय माशीविरुद्ध घेतलेला नव्हता. प्रत्येक निर्णयाला त्या वेळी सबळ कारण होते, आणि म्हणूनच हा ऱ्हास कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. 1988 मध्ये केंट परगण्यातल्या डन्जनेस येथे ही माशी शेवटची दिसली. 2000 मध्ये ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

साहित्याच्या वाचकाला डन्जनेस हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असेल. समुद्रकाठच्या या गोट्यांच्या माळावर, अणुवीज केंद्राच्या शेजारी, चित्रपट दिग्दर्शक डेरेक जारमन यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोळ्याची एक लाकडी झोपडी विकत घेतली. 1986 च्या अखेरीस त्यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले होते. ज्या जमिनीत माती नावालाच, तेथे त्यांनी बाग केली: समुद्राने टाकलेली लाकडे, गंजलेले लोखंड आणि त्या माळावर आपसूक उगवणारी सी-केल, अफूची रानफुले व व्हायपर्स ब्यूग्लॉसचे निळे तुरे. या बागेला कुंपण नव्हते. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘मॉडर्न नेचर’ ही रोजनिशी म्हणजे बागकाम आणि मृत्यू यांचे एकत्र लिहिलेले चरित्र आहे. 1994 मध्ये ते गेले. एक माणूस आपल्या नष्टचर्याची नोंद करीत झाडे लावीत होता आणि त्याच माळावरून त्याच वर्षांत एक माशी कोणाच्या नोंदीविना निघून जात होती, हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो.

माशीला परत आणण्याचा प्रयत्नही झाला. 2009 मध्ये संवर्धन संस्थांनी एकत्र येऊन न्यूझीलंडकडे नजर वळवली. तेथे तिचे वंशज टिकून होते, आणि तेही बरेचसे युरोपातून गेलेल्या रानफुलांवर. डन्जनेसचे भूषण असलेले निळे ब्यूग्लॉस तेथे तण म्हणून ओळखले जाते. परंतु हे वंशज अगदी मोजक्या राण्यांपासून वाढलेले असल्याने त्यांच्यात आनुवंशिक वैविध्य उरले नव्हते. शिवाय दोन्ही गोलार्धांचे ऋतू उलटे. तो बेत फसला. मग दक्षिण स्वीडनमधून राण्या आणून, त्यांची रोगतपासणी करून, 2012 च्या मे महिन्यात पन्नासएक राण्या डन्जनेसला सोडण्यात आल्या. त्याआधी परिसरातल्या शेतकऱ्यांनी बांधांवर, पडीक पट्ट्यांत क्लोव्हर आणि रानफुले वाढवली होती. 2013 मध्ये कामकरी माश्याही दिसल्या. पुढील काही वर्षे राण्या सोडल्या गेल्या, पण स्वतःच्या बळावर टिकणारी वसाहत पुन्हा उभी राहिली असे म्हणता येत नाही. त्या फुलांवर इतर दुर्मिळ बंबलबी मात्र परतल्या व पसरल्या. ज्या पाहुणीसाठी पंगत मांडली ती आली नाही, पण भुकेले शेजारी जेवून गेले.

हा इतिहास वाचून बागकाम व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. 2021 मध्ये ब्रिटनमधील शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शहरी मधुरसाचा सुमारे 85 टक्के भाग घरगुती बागांतून येतो असे दिसून आले. मात्र कोणती बाग, हा प्रश्न उरतोच. अनेक दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डोळ्यांना भरगच्च दिसणारे ते फूल माशीला रिकामे ताट असते. कीटकनाशक फवारलेली टवटवीत कुंडी तिच्यासाठी विषाचा प्याला ठरू शकते. आणि लांब जिभेच्या, विशिष्ट फुलांवर जगणाऱ्या माशीला एक परसबाग पुरत नाही; तिला परसापासून बांधापर्यंत आणि बांधापासून कुरणापर्यंत, वसंतापासून शरदापर्यंत सलग फुलोरा लागतो. म्हणजे ही माणसांच्या शेजारधर्माचीच गोष्ट झाली. श्प्रेंगेल यांनी फुलात जे नाते पाहिले, ते शेजारच्या कुंपणापाशी तोडून चालत नाही.

जारमन यांची झोपडी व बाग 2020 मध्ये लोकवर्गणीतून वाचली. त्यासाठी 35 लाख पौंड जमले. रसिकांनी हे केले याचा आम्हांस आनंदच आहे. उन्हाळ्यात त्या गोट्यांवर ब्यूग्लॉसचे निळे तुरे आजही उभे राहतात. ज्या माशीचे ते खाद्य, ती तेथे नाही. एवढी अनुपस्थिती लक्षात ठेवून बाग पाहणारा वाचक पुढच्या वेळी कवितेत भ्रमर आला, की त्याच्या पायांना लागलेल्या परागांकडेही पाहील, अशी आशा आहे.