चाकरमानी मतदार

चाकरमानी मतदार : मतदारयादीत नाव गावचे आणि वर्षातले बहुतेक दिवस मुक्काम मुंबई-ठाण्यात, असा कोकणातील मतदार. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या राजकारणात त्याच्या शब्दाला वजन आहे. गावचे देऊळ, रस्ता, शाळा यांच्या कामांत मुंबईचे मंडळ बरोबरीने उभे असते. मतदानाच्या दिवशी मात्र त्या मंडळातली किती माणसे गावात पोचतील हे सांगता येत नाही. मतदानाचे कायदेच मतदान कमी करतात का, हा वाद अनेक देशांत आहे. अमेरिकेत तो मुख्यतः ओळखपत्राच्या सक्तीभोवती फिरतो. इंडियाना राज्याचा तसा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला, तरी वाद मिटलेला नाही. कोकणात हाच वाद रहिवासाच्या अटीपाशी येऊन अडतो. प्रस्तुत नोंदीत राजापूर तालुक्यातील नाटे परिसर उदाहरणादाखल धरला आहे.

नाटे परिसर : राजापूरच्या खाडीच्या मुखाशी, यशवंतगडाच्या पायथ्याला नाटे गाव आहे. लगतचे साखरी नाटे हे मच्छीमारांचे मोठे बंदर, तर खाडीपलीकडे जैतापूर. विधानसभेसाठी हा भाग राजापूर मतदारसंघात आणि लोकसभेसाठी २००८ च्या पुनर्रचनेनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मोडतो. त्याआधीचा राजापूर लोकसभा मतदारसंघ बॅ. नाथ पै आणि १९७१ ते १९८९ या काळात सलग पाच वेळा निवडून आलेले मधू दंडवते यांच्यामुळे देशभर ओळखला जाई. येथे गैरहजर मतदार दोन प्रकारचे आहेत : शहरात गेलेले आणि दर्यावर गेलेले.

स्थलांतराचा आकार जनगणनेत दिसतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसत होता. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा २०११ चा आकडाही तेच सांगतो : कर्ते पुरुष बाहेर आणि घर सांभाळणाऱ्या बायका गावात. पुनर्रचनेत जिल्ह्यातील खेड आणि संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघ संपले, त्यामागे राज्याच्या लोकसंख्येतील जिल्ह्याचा घटता वाटा होता. म्हणजे स्थलांतराने आधी गावातला मतदार नेला आणि नंतर जिल्ह्याच्या जागाही नेल्या.

जुना मताधिकार : मताचा हक्क अटींनी बांधण्याची रीत ब्रिटिश काळापासूनची आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात मत देण्यासाठी साधारणपणे ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन लागे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यासाठी ही मर्यादा १६ रुपये ठेवली होती. सवलत होती, पण खोती गावात सरकारजमा सारा भरणारा खोत आणि जमीन कसणारे कूळ वेगळे असल्याने लहान कुळाला तिचा लाभ क्वचितच मिळे. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकार खालपर्यंत नेण्याची मागणी केली होती. प्रौढ मताधिकार आला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने. १९८९ मध्ये वयाची अट २१ वरून १८ वर आली.

अट मतदान केंद्रावर नसून यादीत असली, तरी माणूस कसा बाहेर राहतो याचा धडा पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीने दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यादीतून वगळली. त्यांत बहुसंख्य उत्तर भारतातील होत्या. नियम सर्वांना सारखा होता. फटका मात्र एकाच वर्गाला बसला.

कायद्यातील रहिवास : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम १९ सांगते की, मतदारसंघात ‘सामान्यतः रहिवासी’ असलेल्या प्रौढ नागरिकाचे नाव तेथील यादीत यावे. या शब्दांचा अर्थ कलम २० मध्ये दिला आहे आणि चाकरमान्याचा सारा प्रश्न त्यात सामावला आहे. गावात केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, असे एक पोटकलम म्हणते. तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणी रहिवासी असण्याचे थांबत नाही, असे दुसरे म्हणते. वडिलोपार्जित घर, त्यात आई-वडील, गणपती आणि शिमग्याला येणे, आंब्या-काजूची बाग, आणि नोकरी मात्र तीस वर्षे परळ नाहीतर डोंबिवलीत, अशा माणसाला यांपैकी कोणते पोटकलम लागू करायचे? ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्यावर आणि प्रत्यक्षात बरेचदा घरोघरी फिरणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या नोंदीवर राहतो. घराला कुलूप दिसले की शेजाऱ्याला विचारायचे; शेजारी जे सांगेल तेच कागदावर येते.

कलम १७ नुसार एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांत असू शकत नाही. नोंदणीत खोटे निवेदन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन मतदारसंघांत मत दिलेच, तर १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे त्याची सर्व मते बाद ठरतात. दुसरीकडे १९५० च्या अधिनियमाचे कलम २२ सांगते की, राहण्याचे ठिकाण बदलले या कारणावरून नाव काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे आणि मुंबईत अनेक मतदारांना केंद्रावर गेल्यावरच कळले की आपले नाव यादीत नाही. तेव्हाचे निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल माफी मागितली. माफीने हुकलेले मत परत येत नाही. वगळण्याआधीची नोटीस हीच मतदाराची खरी ढाल आहे, आणि बंद घराच्या दारावर डकवलेली नोटीस डोंबिवलीत वाचता येत नाही.

दोन तारखा : चाकरमानी गावी मत देतो की नाही, हे कलमांइतकेच वेळापत्रकावर ठरते. लोकसभेचे मतदान टप्प्याटप्प्याने होते. २०१४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदान १७ एप्रिलला आणि मुंबईचे २४ एप्रिलला झाले. २०१९ मध्ये २३ आणि २९ एप्रिलला. २०२४ मध्ये ७ आणि २० मे रोजी. विधानसभेचे मतदान मात्र २००९ पासून प्रत्येक वेळी साऱ्या राज्यात एकाच दिवशी झाले आहे. एकाच दिवशी मतदान असले की दोन ठिकाणी नाव असणाऱ्याला एक गाव निवडावेच लागते. तारखा वेगळ्या असल्या की दोन्हीकडे मत देण्याचा मोह राहतो. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाडी कामगारांसमोर बोलताना शरद पवार यांनी, गावी मत देऊन बोटाची शाई पुसावी आणि इकडे पुन्हा मत द्यावे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. ते विनोदाने बोललो होतो, असा खुलासा त्यांनी केला. निवडणूक आयोगाने नापसंती नोंदवली.

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी हा १९९६ पासून १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १३५ ब खाली कामगाराचा हक्क आहे आणि कामानिमित्त मतदारसंघाबाहेर असलेल्यांनाही ती द्यावी, असे राज्य शासन कळवत आले आहे. पण सुटी एका दिवसाची. मुंबईहून रात्रभराचा प्रवास, मग राजापूरहून नाट्यापर्यंतची एसटी, मत देऊन पुन्हा रात्रीची गाडी. रोजंदारीवरच्या माणसाचे त्यात किमान दोन रोज बुडतात.

प्रवासाचा खर्च उमेदवाराने केला तर? १९५१ च्या अधिनियमाचे कलम १२३ (५) मतदारांना केंद्रापर्यंत फुकट वाहनाने आणणे-नेणे हा भ्रष्ट आचार मानते. मतदारांनी आपसांत वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या वाहनालाही सूट मिळते ती ते यांत्रिक शक्तीवर चालणारे नसेल तरच. कलमाच्या शब्दांप्रमाणे वल्ह्याची होडी चालते, इंजिनाची नाही. सार्वजनिक वाहनाने स्वखर्चाने जाण्याला मोकळीक आहे. पैसेवाल्या उमेदवाराने गाड्या भरून मते आणू नयेत, हा तरतुदीचा हेतू योग्यच आहे. पण १९५१ ची ही सूट आज चारशे किलोमीटरवरून येणाऱ्याच्या काही कामाची नाही.

दर्यावरचे मतदार : पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी साधारणतः १ जून ते ३१ जुलै असते. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये, म्हणजे हंगाम संपायच्या आधीच्या कमाईच्या दिवसांत येते. साखरी नाट्याच्या तांडेलाने आणि खलाशांनी त्या दिवशी बोट बंदरात ठेवली तरच मत पडते. व्यापारी जहाजांवरील नाविक ‘सेवा मतदार’ या वर्गात मोडत नाहीत. त्यामुळे सैनिकाला मिळणारी टपाली मतपत्रिका त्यांना मिळत नाही. आखातात गेलेल्यांना १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० अ खाली २०११ पासून अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते. त्यांच्या वतीने प्रतिनिधीने मत देण्याची तरतूद करणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत ते पुढे गेले नाही आणि सोळावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले.





दुबार नावे : १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत विरोधी पक्षांनी मतदारयाद्यांतील घोळाविरुद्ध मोर्चा काढला. त्यानंतरच्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दुहेरी तारांकन करून, एकाच ठिकाणी मत देईन असे हमीपत्र घेण्याची पद्धत आणली. दुबार नावांची संख्या किती आणि त्यांत हेतू किती, याविषयी पक्षांत एकमत नाही. कोकणापुरते एवढे म्हणता येते की, शहरात नाव नोंदवताना गावचे नाव काढण्याचा अर्ज राहून गेलेली कुटुंबे पुष्कळ असतात आणि त्या सर्वांना बोगस म्हणणे अन्यायाचे आहे.

टक्केवारीचा प्रश्न : कायदे मतदान रोखतात असे म्हणणारे आणि लोकच उदासीन आहेत असे म्हणणारे, दोघेही टक्केवारीवर बोट ठेवतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत मतदान सुमारे ६२ टक्के झाले. हा आकडा यादीवर काढलेला आहे, गावात हजर असलेल्यांवर नव्हे. समजा, यादीत १,००० नावे आहेत, त्यांतले ३०० जण बाहेर आहेत आणि उरलेल्यांपैकी ५६० जणांनी मत दिले. कागदावर ५६ टक्के. गावातल्या माणसांत ८० टक्के. अशा गावाला उदासीन म्हणणे चूक आहे.

याच हिशोबाची उलटी बाजू बिहारमध्ये दिसली. २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात यादी ७.८९ कोटींवरून ७.४२ कोटींवर आली. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली आणि ती कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान सुमारे ६७ टक्क्यांवर गेले. २०२० मध्ये ते सुमारे ५७ टक्के होते. प्रत्यक्ष मतेही वाढली, पण वाढीचा काही भाग भाजक लहान झाल्याचाही आहे. नाव वगळलेला माणूस टक्केवारीत गैरहजर म्हणूनसुद्धा मोजला जात नाही. म्हणून मताधिकाराचे आरोग्य केवळ टक्केवारीवरून ठरवणे धोक्याचे आहे.

उपाय : मतदानाची सक्ती करणारा कायदा गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी केला, २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची ती योजना होती. १६ जानेवारी २०२३ च्या सर्वपक्षीय बैठकीत, स्थलांतरित कोणाला म्हणायचे आणि दूरच्या केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी कसे नेमायचे, यांवर आक्षेप आले आणि योजना तिथेच थांबली. हे आक्षेप खरे आहेत, पण न सुटणारे नाहीत. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्रे चालतात. घरून मत देण्याची सोय ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना मिळते. एकाच राज्यातल्या, एकाच दिवशीच्या विधानसभा निवडणुकीत परळ किंवा ठाण्यात राजापूर मतदारसंघासाठी एक केंद्र उघडणे या सगळ्यापेक्षा सोपे आहे.

कोकणात कायदा कोणाला केंद्राच्या दारातून परत पाठवत नाही; तो मत एका जागी बांधून ठेवतो आणि माणसाला पोटासाठी दुसरीकडे राहावे लागते. दडपशाही हा शब्द त्यासाठी जड असला, तरी परिणाम नाकारता येत नाही.

२०२२ पासून नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीच्या यादीत नाव घालता किंवा काढता येत नाही. गणपतीला गावी येणाऱ्या प्रत्येकाने त्याच मुक्कामात घरातील सर्वांची नावे यादीत तपासावीत आणि मत गावी द्यायचे की शहरात, हे स्वतः ठरवून एकाच ठिकाणी नोंद ठेवावी.