अपराजित, तरीही वादग्रस्त

१९८४. अमेरिकेतील ‘वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स’ या विद्यापीठ-गटातील ब्रिगहॅम यंगचा फुटबॉल संघ १३ पैकी १३ सामने जिंकला. पत्रकार व प्रशिक्षकांच्या मतदानाने तो राष्ट्रीय विजेता ठरला. तरी आक्षेप उठला: हरवले कोणाला? अखेरचा प्रतिस्पर्धी मिशिगन त्या हंगामात ६ सामने हरला होता.

१९९८ च्या बीसीएस क्रमवारीने प्रतिस्पर्ध्यांचे बळ सूत्रात बांधले. २००४ मध्ये तो स्वतंत्र घटक वगळला गेला.

पेच मुळातच होता. संघ बहुतांश सामने स्वतःच्या गटातच खेळतात. तेथे एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव. गटाची बेरीज सदैव समसमान. त्यामुळे दोन गटांची तुलना गटाबाहेरील मोजक्या सामन्यांवरच तोलावी लागते. ब्रिगहॅम यंगचे विजेतेपद इतिहासात नोंदले गेले. वाद मात्र मिटला नाही.