अभ्यागत आणि यजमान : उत्तर अलास्कातील एका ‘निर्जन’ प्रदेशाचा इतिहास

अलास्काच्या उत्तरेस, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, ब्रूक्स पर्वतश्रेणी पूर्वपश्चिम पसरली आहे. तिच्या मध्यभागातील सुमारे ८५ लाख एकर प्रदेश ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ या नावाने राष्ट्रीय उद्यान व राखीव क्षेत्र म्हणून संरक्षित असून, त्यापैकी सुमारे ७२ लाख एकरांस अमेरिकन कायद्याने ‘विल्डरनेस’ ही संज्ञा दिली आहे. या उद्यानात रस्ता नाही. आखलेली पाऊलवाटही नाही. बेटल्स किंवा कोल्डफूट येथून लहान विमानाने निघून एखाद्या सरोवरावर वा नदीपात्रातील खड्यांच्या पट्ट्यावर उतरावे, अथवा पूर्व सीमेजवळून जाणाऱ्या डाल्टन महामार्गावरून पायी आत शिरावे, हे प्रवेशाचे प्रमुख मार्ग होत. त्यानंतर नद्या पायी ओलांडाव्या लागतात. डळमळत्या गवती गड्ड्यांतून दिवसभर चालूनही थोडेच मैल कापले जातात, आणि अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे लागते. येथे येणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण ठरतो, आणि ज्या निर्जनतेच्या अनुभवासाठी तो येतो ती निर्जनता किती जुनी आहे, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘विल्डरनेस’ हा शब्द ‘वन्य पशू’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून सिद्ध झाला आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द मिळत नाही, आणि याचे कारण उद्‌बोधक आहे. ‘जंगल’ या शब्दाचे मूळ जे संस्कृत ‘जाङ्गल’, त्याचा अर्थ कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश असा होता. ‘रान’ या शब्दात तर गुरे चारणे आणि सरपण आणणे हे व्यवहार गृहीतच आहेत. शेतकरी आपल्या शेतालाही रान म्हणतो. या शब्दांपैकी एकातही माणसाने तेथे वस्ती करू नये असा विधिनिषेध अंतर्भूत नाही. अमेरिकन संज्ञेत तो आहे, आणि तो तेथे विशिष्ट काळी, विशिष्ट व्यक्तींच्या लेखनातून आला.

या व्यक्तींत रॉबर्ट मार्शल (१९०१–१९३९) हा वनशास्त्रज्ञ प्रमुख होय. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने अशा प्रदेशाची लक्षणे सांगितली. तेथे कायमची वस्ती नसावी. यांत्रिक वाहनाने जाण्याची सोय नसावी. आणि तो इतका विस्तीर्ण असावा की ओलांडताना उघड्यावर मुक्काम करावा लागावा. १९३५ साली ‘विल्डरनेस सोसायटी’ या संस्थेच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला. याच संस्थेतील हॉवर्ड झानिझर यांनी पुढे १९६४ च्या विल्डरनेस कायद्याचा मसुदा लिहिला. ३ सप्टेंबर रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली, परंतु त्यापूर्वीच, मे महिन्यात, झानिझर यांचे निधन झाले होते. या कायद्याने मनुष्याला तेथे अभ्यागताचे स्थान दिले. त्याने यावे, परंतु राहू नये, असे त्याचे तात्पर्य. मार्शलचे पहिले लक्षण अशा रीतीने विधिवाक्य झाले.

मार्शलच्या विचारांना अलास्कातील अनुभवाने मोठे बळ मिळाले. १९२९ च्या उन्हाळ्यात तो कोयुकुक नदीच्या उत्तर शाखेच्या खोऱ्यात प्रथम आला. पुढे १९३०–३१ मध्ये तो वाइझमन या खाणकामगारांच्या वस्तीत वर्षाहून अधिक काळ राहिला, आणि तेथील गोऱ्या व एस्किमो रहिवाशांवर त्याने १९३३ साली एक ग्रंथही लिहिला. म्हणजे त्या भागातील माणसांविषयी तो उदासीन होता असे म्हणता येणार नाही. परंतु उत्तरेकडील दऱ्या त्याला रिकाम्या दिसल्या, आणि ते रितेपण त्याने आदिम मानले. नदीच्या दोन बाजूंस उभ्या असलेल्या दोन शिखरांना त्याने ‘आर्क्टिकची द्वारे’ म्हटले. तेच नाव पुढे उद्यानाला मिळाले.

वस्तुतः हे रितेपण फार जुने नव्हते. या पर्वतप्रदेशात दहा हजार वर्षांहून अधिक काळ मानवी वावर आहे. नुनामिउत हे इनुपियाक भाषिक लोक येथे कॅरिबू हरणांच्या स्थलांतरावर निर्वाह करीत आणि दगडांच्या रांगांच्या साहाय्याने कळपांना सरोवराकडे वळवून त्यांची शिकार करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅरिबूंची संख्या घटली, रोगराई आली, व्यापारी वस्तूंची गरज वाढली. १९२० च्या सुमारास बहुतेक कुटुंबे समुद्रकिनाऱ्याकडे निघून गेली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबे परतली, आणि १९४९ च्या सुमारास विखुरलेले गट अनाक्तुवुक खिंडीत एकत्र येऊन स्थिरावू लागले. मार्शलची पहिली भेट नेमकी या मधल्या खंडात पडते. निर्जन प्रदेशाची जी कल्पना त्याने येथे दृढ केली, तिच्या मुळाशी एका समाजाच्या स्थलांतराचा काळ होता.

याची साक्ष स्थलनामांतही मिळते. ‘नुना’ म्हणजे भूमी. ‘नुनामिउत’ म्हणजे भूमीवरचे लोक, किनाऱ्यावरच्यांहून वेगळे. ‘अनाक्तुवुक’ या नावाचा अर्थ कॅरिबूंच्या लेंड्या विपुल असलेली जागा असा आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने एवढे उपयुक्त नाव दुसरे कोणते असणार? मार्शलने एका उत्तुंग शिखराला आरंभी ‘कोयुकुकचे मॅटरहॉर्न’ असे आल्प्सची आठवण देणारे नाव दिले. नंतर ते बदलून एस्किमो भाषेतील भूतवाचक शब्दावरून ‘दूनेराक’ असे केले. ते शिखर दहा हजार फुटांहून उंच असावे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्याची उंची सुमारे साडेसात हजार फूट निघाली. उंचीचा अंदाज मोजणीने दुरुस्त झाला. निर्जनतेचा अंदाज दुरुस्त होण्यास मात्र कायदेमंडळाची गरज पडली.

ती दुरुस्ती २ डिसेंबर १९८० च्या अलास्काविषयक कायद्याने केली. त्याने हे उद्यान निर्माण केले, विल्डरनेस क्षेत्र जाहीर केले, आणि त्याच वेळी स्थानिक ग्रामीण रहिवाशांचा निर्वाहापुरत्या शिकारीचा व संकलनाचा हक्क मान्य केला. सुमारे चारशे वस्तीचे अनाक्तुवुक पास हे गाव आज उद्यानाच्या सीमांच्या आत आहे. तरीही वाद मिटला नाही. शिकारीसाठी गावकरी वापरीत असलेली सर्वभूमी वाहने यांत्रिक वाहनांच्या निषेधाशी विसंगत होती. अखेर १९९६ साली काँग्रेसने जमिनींच्या अदलाबदलीस संमती देऊन विल्डरनेसच्या सीमाच नव्याने आखल्या.

मराठीत अभ्यागत हा शब्द उच्चारला की यजमान कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. १९६४ च्या कायद्याने मनुष्यमात्राला अभ्यागत ठरविले, पण यजमानाचा उल्लेख केला नाही. १९८० च्या कायद्याला तो करावा लागला. संरक्षणाचे मोल यामुळे कमी होत नाही. कॅरिबूंच्या वाटा रस्त्यांवाचून राहिल्या याचे बरेचसे श्रेय मार्शल व झानिझर यांच्या प्रयत्नांनाच आहे. परंतु नदीकाठी विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाच्या हातातील नकाशावर दोन भाषांतील नावे शेजारी शेजारी छापलेली असतात. त्यांपैकी काही पाहुण्यांनी दिलेली आहेत आणि काही घरच्यांनी. कोणती कोणाची हे जाणून घेणे हा त्या प्रदेशात शिरण्याच्या पूर्वतयारीचा भाग मानला पाहिजे.