विंबल्डन अजिंक्यपद स्पर्धा : हौशी कालखंड

लंडनच्या नैर्ऋत्येकडील विंबल्डन या उपनगरात भरणारी, हिरवळीवरील लॉन टेनिसची जगप्रसिद्ध स्पर्धा. १८७७ ते १९६७ या काळात ती केवळ हौशी खेळाडूंसाठी होती. खेळापासून अर्थार्जन करणाऱ्यास तीत प्रवेश नसे.

‘ऑल इंग्लंड क्रोके क्लब’ या संस्थेने (स्थापना १८६८) १८७७ मध्ये आपल्या नावात लॉन टेनिसचा अंतर्भाव केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वर्पल रोडवरील आपल्या मैदानावर पुरुष एकेरीची पहिली स्पर्धा भरविली. तीत २२ खेळाडूंनी नावे नोंदविली होती. स्पेन्सर गोर हा विजेता ठरला. या स्पर्धेसाठी निश्चित केलेले ७८ फूट लांब व २७ फूट रुंद (सु. २३·७७ × ८·२३ मी.) आयताकृती क्रीडांगण पुढे सर्वत्र प्रमाण मानले गेले. १८८४ मध्ये स्त्रियांची एकेरी सुरू झाली व मॉड वॉटसन पहिली विजेती ठरली. प्रारंभी आदल्या वर्षीचा विजेता फक्त अंतिम आव्हान-सामना खेळे. ही पद्धत १९२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी स्पर्धा चर्च रोडवरील विस्तीर्ण मैदानावर नेण्यात आली. दोन्ही महायुद्धांच्या काळात (१९१५–१८ व १९४०–४५) ती भरली नाही.

भारतीय खेळाडूंपैकी मुंबईची लीला राव (संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांची कन्या) हिने १९३४ मध्ये येथे सामना जिंकला. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. घौस महंमद १९३९ मध्ये उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत, तर रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. कृष्णनने व्यावसायिक होण्याचा प्रस्ताव नाकारला होता.

हौशीपणाच्या नियमामागे खेळ हा खेळासाठीच खेळावा, ही भूमिका होती. तथापि वर्षभर देशोदेशी खेळणे स्वतःची मिळकत नसलेल्यास परवडणारे नव्हते. त्यामुळे खर्चाच्या नावाखाली खेळाडूंना गुप्तपणे पैसे देण्याची प्रथा रूढ झाली. उघडपणे पैसे घेणाऱ्यास मात्र विंबल्डनचे दार बंद होई. सूझान लेंग्लेन (१९२६), बिल टिल्डन (१९३०) व सलग तीन वेळा विजेता ठरलेला फ्रेड पेरी (१९३६) हे व्यावसायिक होताच स्पर्धेस मुकले. परिणामी विंबल्डनचा विजेता हाच जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू, असे निःशंकपणे म्हणता येईना. खुल्या स्पर्धांचा ठराव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेत केवळ पाच मतांनी फेटाळला गेला.

अखेरीस बदलाचा पुढाकार विंबल्डननेच घेतला. ऑगस्ट १९६७ मध्ये तेथील मुख्य क्रीडांगणावर व्यावसायिकांची स्पर्धा झाली. तीस प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद मिळाला. डिसेंबरमध्ये ब्रिटिश संघटनेने हौशी व व्यावसायिक हा भेद रद्द केला आणि मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांस मान्यता दिली. त्या वर्षीच्या पहिल्या खुल्या विंबल्डनमध्ये पुरुष विजेत्यास २,००० व महिला विजेतीस ७५० पौंडांचे पारितोषिक होते. पुरुष एकेरीचे अजिंक्यपद रॉड लेव्हरने पटकाविले. १९६१ व १९६२ मध्ये येथेच विजयी झालेल्या या खेळाडूस व्यावसायिक झाल्यामुळे मधल्या पाच स्पर्धांत भाग घेता आला नव्हता.