सोनघंटा
सोनघंटा : (शास्त्रीय नाव : अब्युटिलॉन रानडेई, कुल : माल्व्हेसी). उत्तर सह्याद्रीचा घाटमाथा आणि तिथल्या कड्याकपारी एवढ्याच पट्ट्यातले दुर्मीळ, प्रदेशनिष्ठ झुडूप. अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची गणना होते.

विदर्भात ही वनस्पती उगवत नाही. तिचे गणगोत मात्र यवतमाळच्या शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातले आहे. कपाशी, अंबाडी, भेंडी ही सगळी याच कुलातली. धुऱ्यावर, पडीक जागेत आपोआप माजणारी पेटारी (अतिबला, मुद्रा) तर सोनघंटेच्याच प्रजातीतली. पऱ्हाटीचे फूल उलगडले की मधोमध पुंकेसरांची जुळून झालेली नळी दिसते आणि तिच्या टोकातून कुक्षी बाहेर डोकावते. ही कुलाची खूण सोनघंटेतही तशीच आहे. कपाशीच्या पातीभोवती कातरलेल्या कडांच्या तीन हिरव्या छदांचे वेष्टन असते. सोनघंटेला आणि पेटारीला ते नसते.

झुडूप माणसाहून उंच होते. पाने हृदयाकृती, लांब टोकाची व लवदार. पेटारीचे फूल लहान, पिवळे आणि वर तोंड करून उमलणारे. सोनघंटेचे त्याहून कितीतरी मोठे, पानाच्या बगलेतून लांब देठावर खाली लोंबणारे. नारिंगी-पिवळ्या पाकळ्यांवर तांबड्या शिरांची जाळी असते आणि केसरांचा झुबका घंटेच्या लोलकासारखा बाहेर येतो. सह्याद्रीच्या झुडपांत इतके देखणे फूल क्वचितच सापडेल. बहर हिवाळ्यात येतो. तोवर पावसाळी फुले पाहायला आलेले लोक घाट सोडून गेलेले असतात.

कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरच्या आंबा घाटात एन. बी. रानडे यांनी ही वनस्पती गोळा केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. एम. वुड्रो आणि लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानातील ऑटो स्टाप्फ यांनी 1894 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जातीला रानड्यांचे नाव दिले. त्या काळात नमुने गोळा करणाऱ्या एतद्देशीयांचे कष्ट बहुधा निनावीच राहत, म्हणून हे नामकरण मोलाचे वाटते.

वणवे, चराई आणि घाटरस्त्यांचे रुंदीकरण यांचा तिला धोका आहे. झाडे मोजकी आणि एकमेकांपासून दूर असल्याने एका कड्यावरची गेली, तरी मोठे नुकसान होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिच्या संवर्धनाचे व अभिवृद्धीचे काम झाले असून ती फांदीच्या कलमांपासूनही वाढवता येते. बागेत रोप जगवणे त्या मानाने सोपे. मूळ कड्यावर ती आपल्या बियांपासून उगवत राहील, एवढी जागा आगीपासून आणि जेसीबीपासून राखणे हे अवघड काम अजून बाकी आहे.